उतारावरचं बोलणं

राजूरला नोकरीला निघाले तेव्हा आईने बरोबर दोन गोधड्या दिल्या होत्या. पहिल्याच पावसाळ्यात दोन्हींना बुरशी आली. मी नगर शहरात वाढलेली. आमच्याकडे पावसाची वाट बघायची सवय. इकडे अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस आला की मुक्कामालाच यायचा, आणि त्याच्यामागून धुकं. दार उघडं राहिलं तर ते घरात शिरायचं. भरदुपारी दिवा लावून मी दूध तपासलेलं आहे.

दूध तपासणं हेच माझं काम. एका डेअरीचं शीतकरण केंद्र गावाबाहेर होतं. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांचं दूध कॅनमधून तिथे यायचं, मी नमुने घेऊन फॅट बघायची, मग दूध थंड होऊन टँकरने पुढे जायचं. मागच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये चार-पाच बायका रिकामे कॅन धुवायच्या. माझ्या टेबलाची खिडकी त्या शेडमध्येच उघडायची, त्यामुळे दिवसभर पाण्याचा आणि कॅनच्या ठणठणीचा आवाज माझ्या कानात असे. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. केंद्रावर फोन होता, पण पावसाळ्यात तो असून नसल्यासारखाच.

दूध आणायला पिकअप गाड्या जायच्या. प्रत्येक गाडीवर एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर. सगळ्यात वरच्या गावाला जाणारी गाडी एक पिकलेल्या मिशांचे ड्रायव्हर चालवत. त्यांना सगळे मामा म्हणत, मीही म्हणायची. त्यांचा क्लीनर वयाने त्यांच्या मुलासारखा होता. दोघं बरीच वर्षं एकाच केबिनमध्ये बसलेले, एकाच डब्यात जेवलेले. केंद्रावर आले की बोलायचं काम क्लीनरचं. तो हसतखिदळत कॅन उतरवायचा, आणि मामा चाकाला टेकून विडी ओढत नुसती मान हलवायचे.

वरच्या गावाहून परत येताना खिंड लागते. खिंडीतून रस्ता एकदम खाली उतरतो आणि तळाशी ओढा आहे. त्यावर पूल नव्हता, नुसती सिमेंटची फरशी होती. एका श्रावणात फरशीवरून पाणी वाहत होतं. किती खोल आहे ते बघायला क्लीनर काठी घेऊन खाली उतरला. मामा इंजिन चालू ठेवून बसले होते. वरून लोंढा आला. मामांनी उडी टाकली, काठाने पळाले, घसा फुटेस्तोवर ओरडले. त्या उतारावर वस्ती नाही. ओरडलेलं कुणाला ऐकू जाणार? गावातली माणसं आली तेव्हा दिवस कलला होता. पुढे धरणाच्या पाण्यापर्यंत शोध झाला. क्लीनर सापडला नाही.

त्याच्या बायकोला डेअरीने कॅन धुवायच्या कामावर घेतलं. लहान चणीची, दोन मुलींची आई. ती माझ्या खिडकीच्या अगदी जवळ बसायची. देह सापडला नव्हता म्हणून की काय, तिने कपाळाचं कुंकू बरेच दिवस ठेवलं होतं. मग एके दिवशी ते नव्हतं.

मामांनी नवा क्लीनर घेतला नाही. केंद्राने दोनदा माणूस दिला, दोनदा त्यांनी तो वाटेतल्या फाट्यावर उतरवून दिला. "वरची मानसं कॅन चढवू लागत्यात. मला कुनी नगं," एवढंच म्हणाले.

पुढचा पावसाळा तोंडावर आला तेव्हा मुख्य कार्यालयातले मोठे साहेब एक खोकं घेऊन आले. खोक्यात काळे, विटेसारखे जड वायरलेस सेट होते. "हे फिरते फोन समजा," साहेब म्हणाले. "मागच्या वर्षी हे असते तर आपला माणूस गेला नसता." त्यांना मनापासून तसं वाटत होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. छपरावर उंच पाइप उभा राहिला. एक सेट माझ्या टेबलावर ठेवला, कारण दिवसभर एका जागी बसणारी मी एकटीच होते. बाकीचे ड्रायव्हरांना वाटले. सेट विकणाऱ्याचा माणूस तासाभरात सगळं शिकवून मोकळा झाला. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. एकाने बटण दाबलेलं असलं की दुसऱ्या कुणाचं बोलणं पोचत नाही. प्रत्येक गाडीने प्रत्येक गावातून कुठे आहोत ते कळवायचं. माणसांची नावं घ्यायची नाहीत, गाडीचा नंबर सांगायचा.

कुणाला काही विचारायचं आहे का, असं त्याने शेवटी विचारलं. मामांनी सेट उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "ह्यो बंद असला म्हंजी बंदच असतो न्हवं?"

"अगदी बंद," तो माणूस म्हणाला.

पहिले काही दिवस गमतीत गेले. मग धुकं उतरलं आणि गंमत संपली. समोरची गाडी दिसत नाही, रस्ता दिसत नाही, आणि केबिनमध्ये माझा आवाज घुमतोय, "कुठे आहात? कुठे आहात?" साहेबांनी ठरवून दिलेलं वाक्य होतं ते. एका ड्रायव्हरने मला सांगितलं, "ताई, तुमचा आवाज त्यातून तुमच्यावानी येत न्हाई. बाईमानूस लांब हिरीत बसून बोलतंय असं वाटतं." मी हसले, पण त्या दिवसापासून बटण दाबताना मला माझाच आवाज परका वाटायला लागला.

आणि मग ते बोलणं सुरू झालं.

दुपारची वेळ होती. बाहेर धुकं इतकं दाट, की शेडमधल्या बायका मला सावल्यांसारख्या दिसत होत्या. टेबलावरच्या सेटमधून खरखर आली आणि एकदम थांबली. कुणीतरी बटण दाबलं की ती तशी थांबते. मी बोलण्याची वाट बघत राहिले. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग पत्र्यातून यावा तसा बारीक पुरुषी आवाज आला, सावकाश, लाडात आल्यासारखा.

"ये की वर. जागा ठिवलीया."

मध्ये काही क्षण काहीच नाही. कुणीतरी उत्तर देतंय आणि हा ऐकतोय, इतकीच ती शांतता.

"घरी समदं बरं हाय. थोरली साळंत जाती." पुन्हा शांतता. "व्हय, व्हय, तसंच म्हनतीया ती बी." आणि मग हसणं. मोकळं, पोटातून आलेलं हसणं.

मी बटण दाबून ओरडले, "कोण बोलतंय? गाडी नंबर सांगा." पण समोरचं बटण दाबलेलं होतं, माझं बोलणं कुठेच पोचत नव्हतं. आम्हाला फक्त ऐकता येत होतं. "पानी लई थंड हाय न्हवं?" आवाज म्हणाला, आणि त्यानंतर बारीक वाहत्या पाण्यासारखी खळखळ. मग खट झालं आणि नेहमीची खरखर परत आली.

शेडमध्ये एकही कॅन वाजत नव्हता. खिडकीत क्लीनरची बायको उभी होती, कोपरापर्यंत साबणाचे हात तसेच घेऊन.

"ताई, ह्यांचा आवाज हाय," ती म्हणाली.

"अगं, कसं शक्य आहे?"

"बोलन्याची ढब त्यांचीच हाय. असंच बोलत्यात." तिने 'बोलत्यात' म्हटलं, 'बोलायचे' म्हटलं नाही.

मी एकेका गाडीला विचारलं. सगळ्यांनी सांगितलं, आम्ही बोललो नाही. मामाही म्हणाले, "मी कशाला बोलू?" त्यांचा तो कोरडा, तुटक आवाज. त्यांच्यावर संशय यायचं कारणच नव्हतं. मामांना हसताना आमच्यापैकी कुणी ऐकलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साधारण त्याच वेळेला तेच. तिसऱ्या दिवशी काही नाही, मग पुन्हा. इतर ड्रायव्हरांच्या सेटवरही ते ऐकू जाई. 'ये की वर, जागा ठिवलीया' याचा अर्थ काय, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. गेलेला माणूस बोलावतोय. ज्याच्या मरणामुळे ही यंत्रं आली त्याने ती धरली आहेत. एका ड्रायव्हरने सेट घरी धान्याच्या कणगीवर ठेवून दिला आणि मला सांगितलं, बॅटरी उतरली. दुसऱ्याने त्याला लिंबू-मिरची बांधली. एकाने एका सकाळी कुणी नसताना येऊन छपरावरच्या पाइपाच्या बुडाशी नारळ फोडला. खोबऱ्याचे तुकडे मला कॅनच्या झाकणावर सापडले. मी त्यांना हसले नाही. दुपार झाली की माझीही मान आपोआप सेटकडे वळायची.

तिचं मात्र उलटं. दुपार झाली की ती काम टाकून खिडकीशी यायची. कपाळावर पुन्हा बारीक टिकली दिसायला लागली. ती आवाजाला मान हलवून उत्तर द्यायची. एकदा तिने मला हळूच विचारलं, "ताई, ते बटन दाबून मी बोलले तर त्यास्नी ऐकू जाईल?" मी म्हटलं, "आत्ता नाही जात." ती म्हणाली, "मग कवा जाईल?"

त्या प्रश्नानंतर मला तिथे नुसतं बसून राहवेना. आवाज यायचा ती वेळ मामांची गाडी वरून परतायची होती, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. वरच्या गावातल्या दुधाचे नमुने जागेवर तपासायचे आहेत असं सांगून मी एका सकाळी मामांच्या गाडीशी जाऊन उभी राहिले. डावं दार उघडलं. सीटवर एक घोंगडी नीट घडी करून ठेवलेली होती.

"ताई, मागं बसा," मामा म्हणाले.

बाईमाणसाला रिकाम्या कॅनच्या गर्दीत बसवणारा तो माणूस नव्हता. पण त्यांच्या बोलण्यात असं काही होतं की मी दार लावून घेतलं आणि मागे चढले. केबिनच्या पाठीला हातभर रुंदीची बिनकाचेची खिडकी होती. तिच्यातून मला त्यांची पाठ, घोंगडी, आणि सीटच्या कडेला हत्यारांच्या लोखंडी पेटीशेजारी उभा खोचलेला सेट दिसत होता.

वरच्या गावात चहाचं एक खोपट होतं. ते चालवणारी बाई वयस्क, खणखणीत आवाजाची. दूधही तिथेच गोळा व्हायचं. तिने मला पोत्यावर बसवून चहा दिला. मग दोन कप मामांच्या गाडीशी नेले. एक मामांच्या हातात दिला, दुसरा बॉनेटवर डाव्या बाजूला ठेवला. मामा सावकाश प्यायले. दुसऱ्या कपातली वाफ धुक्यात मिसळून संपली. मग बाईने तो कप उचलला, चहा झाडाच्या बुंध्याशी ओतला आणि कप विसळायला नेला. दूध घालायला आलेली माणसं भोवती उभी होती. कुणीही तिकडे वळून पाहिलं नाही. सवयीचं काम होतं ते सगळ्यांचं.

मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "हे कधीपासून?"

"काय कधीपास्नं?" ती म्हणाली आणि कॅनची झाकणं लावायला गेली.

परतीला मी भरल्या कॅनच्या मध्ये अंग चोरून बसले. खिंड आली. गाडी उताराला लागली तशी लोखंडी पेटी घसरत पुढे आली आणि सेटवर रेलली. बटण दाबलं गेलं. सेटवरचा लाल दिवा लागला, पण दिव्याची बाजू मामांच्या नजरेआड होती. तेव्हाच ते बोलायला लागले.

"ये की वर. जागा ठिवलीया."

तोच आवाज. आज मध्ये यंत्र नव्हतं, म्हणून मला तो ओळखू आला. त्या एकाच केबिनमध्ये दोघांची बोली एक होऊन गेली होती. मामा डाव्या बाजूला मान वळवून बोलत होते, थांबत होते, ऐकत होते, मान डोलावत होते. पाऊस किती झाला, कुणाची म्हैस व्याली, थोरलीला शाळेत कुणी चिडवलं. प्रत्येक वाक्यानंतर जेवढं थांबायला हवं तेवढंच थांबत होते. आणि मी, पाठ कॅनला टेकून, त्या थांबण्यात उत्तर ऐकायला कान देत होते. मला ऐकू काही आलं नाही. पण सीटवर कुणीच नाही, असं म्हणायलाही माझी जीभ उचलली नसती. तरी भीती अशी वाटत नव्हती. धुक्यातून तो लाल दिवा तेवढा टक्क बघत होता. केंद्रावर आता ती खिडकीशी उभी असणार, हे मला दिसत होतं.

तळाशी रस्ता सपाट झाला. तळाच्या हिसक्याने पेटी मागे सरकली, दिवा विझला. मामांनी फरशीच्या अलीकडे गाडी थांबवली, हॉर्न वाजवला आणि पाण्याकडे बघत राहिले. मी उतरून त्यांच्या दाराशी गेले.

"मामा, तुमचं हे बोलणं तिकडे ऐकू येतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सेट, पेटी, बटण सगळं दाखवलं.

"ह्यो बंद हुता," ते म्हणाले.

"बंद नव्हता मामा. नुसता गप्प होता. पेटी रेलली की बटण दाबलं जातं."

"कुनीकुनी ऐकलं?"

"सगळ्यांनी."

"तिनं?"

मी मान हलवली. मामांचे हात स्टिअरिंगवरच होते. पाण्याचा आवाज फार मोठा वाटायला लागला. ते म्हणाले, "त्या दिशी इथंच हुबा ऱ्हाऊन मी बोंबललो, ताई. नरडं फाटलं. एका मानसानं ऐकलं न्हाई. आन् आता म्या हळू बोलतोय तर समद्या जगाला जातंय व्हय?"

त्यांनी सेट उचलून माझ्या हातात ठेवला.

तिला मीच सांगितलं. शेडमागे नेऊन सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, पदराने हात पुसले, टिकली काढून भिंतीला चिकटवली आणि कॅन घासायला बसली. ते घासणं मला दिवस मावळेपर्यंत ऐकू येत होतं.

बातमी मुख्य कार्यालयात पोचायला वेळ लागला नाही. साहेब आले. एक ड्रायव्हर रिकाम्या सीटशी बोलतो आणि बाकीचे सेट लावत नाहीत, एवढंच त्यांना कळलं होतं. "डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाच्या हातात मी गाडी कशी देऊ? त्यांना घरी बसवावं लागेल," ते म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, यंत्र आणताना कुणाला विचारलं नव्हतं. निदान माणूस काढताना तरी विचारा."

साहेब रागावले नाहीत. खिडकीतून शेडकडे पाहत म्हणाले, "बोलवा सगळ्यांना."

पालथ्या कॅनवर सगळे बसले. साहेबांनाही कॅनच दिला. बायका एका अंगाला, मामा सगळ्यात मागे खांबाशी. मग ज्याने सेट कणगीवर ठेवला होता तो म्हणाला, "साहेब, ह्यातनं सारखं 'कुठं हाय, कुठं हाय' येतं. पान खायाला थांबलो तरी सांगायचं व्हय?"

बायका हसल्या, साहेबही हसले. त्यानंतर जिभा सुटल्या. नंबरने हाक मारू नका, आम्ही काय म्हशी आहोत का, असं एकाने म्हटलं. एकाचं म्हणणं, सेट नकोतच, प्रत्येक गाडीला मोठा भोंगा द्या. त्यावर बराच वाद होऊन भोंगा मागे पडला. लिंबू-मिरचीवाला म्हणाला, "आमी कुठं हाय त्ये आमाला ठावं हाय. पानी कुठवर हाय त्ये कोन सांगनार?"

साहेब म्हणाले, "त्यासाठी तर सेट आणले!"

"गाडीतल्या सेटला पानी काय म्हाईत? वरच्या गावात पावसाचा जोर दिसतो. तिथं कुनाकडं तरी सेट पायजे."

मी चहाच्या खोपटातल्या बाईचं नाव सुचवलं. साहेबांना ते पटेना. कंपनीची वस्तू बाहेरच्या माणसाकडे कशी ठेवायची, हरवली तर कोण भरून देणार, वायरलेसच्या परवान्याचं काय. त्यावर उलटसुलट चर्चा बराच वेळ चालली. शेवटी ते म्हणाले, एक पावसाळा करून बघू. मग मागे बघून त्यांनी विचारलं, "मामा, तुमचं काय?"

मामा खांबाला धरून उठले. "मी सेट घेतो. पन खिंडीपास्नं फरशीपतुर बंद ठिवनार. तेवढं माजं हाय."

तेव्हा क्लीनरची बायको उभी राहिली. इतक्या माणसांत ती पहिल्यांदाच बोलत असावी.

"मामांना काढू नगा. त्यांचं बोलनं बी बंद करू नगा," ती म्हणाली. "फकस्त ते असं समद्यांच्या म्होरं नगं. माझ्या घरचं हाय ते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मामा राहिले. खिंड ते फरशी सेट बंद, हा नियम सगळ्याच गाड्यांना लागू झाला, म्हणजे एकट्या मामांकडे बोट दाखवलं जायला नको. माझं 'कुठे आहात' बंद झालं. मी लोकांना नावाने, नात्याने हाका मारायला लागले, आणि कणगीवरचा सेट खाली उतरला.

थोड्या दिवसांनी ती एका सकाळी मामांच्या गाडीतून वर गेली. दुपारी परत आली आणि कामाला लागली. ती पुढे बसली होती की मागे, हे मी विचारलं नाही. "पाणी बघितलंस?" एवढंच विचारलं. "बघितलं," ती म्हणाली. "ताई, तिथं गेल्यावर भ्या वाटत न्हाई. हितं वाटतं."

भाद्रपदात पुन्हा एकदा झोडपून पाऊस लागला. दुपारच्या आधीच सेटमधून चहावाल्या बाईचा खणखणीत आवाज आला, "ओ ताई, आमच्याकडं आभाळ फाटलंया. वढ्याला लोंढा जानार. मामा आत्ताच हितनं गेल्यात."

मी बटण दाबलं. मामा खिंडीत पोचले असतील आणि त्यांनी सेट बंद केला असेल तर सांगायला दुसरा मार्ग नव्हता. "मामा, थांबा. फरशीवर जाऊ नका. लोंढा येतोय. मामा, ऐकताय का?"

खरखर. मी पुन्हा सांगितलं. शेडमधल्या बायका खिडकीशी गोळा झाल्या होत्या, ती सगळ्यांच्या पुढे. मग खरखर थांबली.

"ऐकलं," मामांचा आवाज आला. "खिंडीच्या तोंडाला हाय. थांबलोय." मग, "दोघंबी थांबलोय."

बायकांपैकी कुणीतरी देवाचं नाव घेतलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती मला म्हणाली, "त्यास्नी सांगा, दार लावून बसा म्हनावं. पाऊस आत येतो."

मी ते तसंच सांगितलं. "बरं," मामा म्हणाले आणि सेट बंद झाला.

लोंढा गेला तेव्हा फरशीचा एक तुकडा घेऊन गेला. पाणी उतरून मामांची गाडी कडेकडेने केंद्रात आली तेव्हा सगळं दूध नासलं होतं. आंबूस वास गाडीआधी पोचला. पण दुधाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही सगळ्या अंगणात उभ्या होतो. मामा उतरले, अंगावरचं पाणी झटकलं, गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले. तिकडचं दार उघडून ते जरा वेळ बाजूला उभे राहिले, आणि मग त्यांनी दार लावलं.

ती त्या दाराच्या समोरच उभी होती. एखाद्याला वाट द्यावी तशी ती दोन पावलं मागे सरली, डोक्यावरचा पदर सारखा केला. मग पुढे होऊन तिने पहिला कॅन उतरवून घेतला, आणि आम्ही बाकीच्या हात लावायला गेलो.